आमच्या लॅबमध्ये तर चालतं!

सुरुवातीलाच कबूल करून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी घरी बोलले, शाळेत तिसरा विषय म्हणून पास झाले, आणि दहावीनंतर देवनागरीत सलग दोन पानं लिहायची वेळ आजच आली आहे. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर त्या संपादक मंडळाच्या खात्यावर टाकाव्यात. मुद्दा मात्र माझा आहे, आणि तो भांडणाचा आहे. भांडण टर्बो सीशी.

पण आधी माझ्या रूम-पार्टनरबद्दल सांगते. आमच्या हॉस्टेलमध्ये गावावरून नाव पडतं, म्हणून ती परभणी. बारावीपर्यंत कॉम्प्युटर म्हणजे फॉर्म भरायला सायबर कॅफेत जायचं तेव्हा दिसणारी वस्तू, एवढीच तिची ओळख. लॅपटॉप नाही. सी शिकली ती फक्त लॅबमध्ये, आठवड्याला दोन तास, आणि उरलेलं वहीवर. वहीत प्रोग्रॅम लिहायचा, बाजूला व्हेरिएबलचे चौकोन काढायचे, एकेक ओळ चालवून चौकोनातला आकडा खोडायचा आणि नवीन लिहायचा. मला पॉइंटर समजला तो तिच्यामुळे, मेसमध्ये, वरण-भात खाताना. "ताट म्हणजे व्हेरिएबल, अन् तू कोणत्या टेबलावर बसलीस ते पॉइंटर. टेबल बदललं म्हणून भात बदलत नाही की गं." एक्स्टर्नलनी तिला प्रॅक्टिकलला 25 पैकी 24 दिले. मला 19.

गेल्या सेमिस्टरला ऐरोलीच्या एका कंपनीची इंटर्नशिपची ऑनलाइन टेस्ट होती. तीन प्रोग्रॅम, एक तास. पहिलाच प्रश्न पॅलिंड्रोमचा. उलटसुलट वाचलं तरी तोच शब्द, आपल्या 'चिमा काय कामाची' टाइप. परभणी हसलीच. हात आपोआप चालले : वर कॉनिओ डॉट एच, मग व्हॉइड मेन, मग क्लिअर-स्क्रीनवाली ओळ, शब्द उलटा करायला स्ट्ररेव्ह, शेवटी गेटच. रन केलं. उत्तर आलं, कॉनिओ डॉट एच नावाची फाइलच नाही. ती ओळ काढली, तर एकदम तीन नावं ओळखीची नाहीत म्हणून बोंब : क्लिअर-स्क्रीन, गेटच आणि स्ट्ररेव्ह. दोन काढून टाकली. पण स्ट्ररेव्ह तर प्रोग्रॅमचा जीव! तिला वाटलं, स्पेलिंग चुकलं. स्पेलिंग चारदा तपासलं. मग वाटलं, स्ट्रिंगची हेडर फाइल राहिली. ती तर होती. या शोधाशोधीत पस्तीस मिनिटं गेली. शेवटी तिने शब्द उलटा करायचा लूप स्वतः लिहिला, जो तिला झोपेत लिहिता येतो, आणि पहिला प्रश्न बरोबर आला. बाकी दोन वाचायलासुद्धा वेळ उरला नाही. मेल तिसऱ्या दिवशी आला, 'वुई रिग्रेट'वाला.

त्या रात्री गच्चीवर ती एवढंच म्हणाली, "माझं सी लॅबच्या बाहेर चालतच नाही की गं."

हा लेख त्या एका वाक्यासाठी आहे.

ज्यांना अजून माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉनिओ हा डॉसच्या काळातल्या कंपायलरवाल्यांनी सोयीसाठी दिलेला जोडधंदा आहे, सी भाषेचा भाग नाही. क्लिअर-स्क्रीन नाही, गेटच नाही, स्ट्ररेव्हसुद्धा नाही. स्टँडर्डमध्ये मेन हा इंट परत करतो. जीसीसी व्हॉइड मेनवर नुसती कुरकुर करून सोडून देतो, पण प्रोग्रॅम संपताना शून्याऐवजी भलताच आकडा बाहेर गेला तर टेस्ट घेणारं मशीन 'रनटाइम एरर' म्हणून मोकळं होतं. उत्तर बरोबर असूनही! आणि एफफ्लश-एसटीडीइन, म्हणजे स्कॅनएफनंतर उरलेला एंटर पुसायला आपण सगळे मारतो तो मंत्र? स्टँडर्डमध्ये त्याला अर्थच नाही. टर्बोत चालतो, लिनक्सवर तो एंटर तिथेच बसून राहतो आणि पुढच्या कॅरेक्टरच्या जागी जाऊन बसतो.

टर्बो सी पहिल्यांदा आला 1987 साली. आपल्या लॅबमधलं टर्बो सी प्लस प्लस 3 हे 1990च्या दशकाच्या सुरुवातीचं, म्हणजे हे वाचणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा वयाने मोठं. ते 16 बिटचं आहे आणि आजचं 64 बिटचं विंडोज 16 बिटचे प्रोग्रॅम चालवतच नाही. म्हणून लॅब असिस्टंट काका प्रत्येक मशीनवर डॉसबॉक्स टाकतात, म्हणजे नव्या कॉम्प्युटरच्या आत जुन्या कॉम्प्युटरचं सोंग उभं करतात, आणि त्या सोंगाच्या आत आपण निळ्या स्क्रीनवर कंट्रोल-एफ-नाइन दाबतो. काकांना दोष नाही. ते बिचारे दरवर्षी हा सगळा संसार मांडून देतात.

आता गंमत बघा. आमच्या जर्नलमध्ये फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम आहे. सातचं फॅक्टोरियल 5040, बरोबर. आठचं द्या. 40320 यायला हवं, येतं उणे 25216. कारण टर्बोत इंट दोन बाइटचा, 32767च्या पुढे गेला की घड्याळासारखा फिरून उण्यात शिरतो. मी हे पहिल्या वर्षी सरांना दाखवलं तेव्हा सर म्हणाले, "सातपर्यंतच इनपुट द्या." आम्ही सातपर्यंतच दिले. पाच बॅचेसच्या जर्नलमध्ये सात आहे, कारण जर्नल कुठून उतरतं ते आपल्याला माहीत आहे! तोच प्रोग्रॅम जीसीसीवर टाकला तर बारापर्यंत नीट चालतो आणि तेराला तोही खोटं बोलतो. म्हणजे जीसीसी काही देव नाही. सीचं स्टँडर्ड एवढीच हमी देतं की इंट निदान 16 बिटचा असेल आणि लाँग निदान 32 बिटचा. त्याच्या वरचं सगळं त्या त्या मशीनच्या मर्जीवर. लाँग 64 बिटच्या लिनक्सवर आठ बाइटचा, 64 बिटच्या विंडोजवर चारचाच. नक्की 32 बिट हवे असतील तर 1999च्या स्टँडर्डपासून एसटीडीइंट नावाची हेडर फाइल आहे, तिथे तसा टाइप मिळतो. टर्बो 1999च्या आधीचा, त्याच्याकडे ती असणार कुठून?

ही माहिती काही मी शोधून काढलेली नाही. 'लेट अस सी' लिहिणारे यशवंत कानेटकर आपल्या नागपूरचे. त्यांच्या पुस्तकाच्या 2000च्या दशकातल्या आवृत्तीतच 16 बिट आणि 32 बिट कंपायलरमधला फरक आहे आणि मागे लिनक्सवरच्या सीची प्रकरणंसुद्धा आहेत. आपण झेरॉक्स काढताना ती पानं सोडली. सिलॅबसमध्ये नाहीत ना!

मला सगळ्यात जास्त वाईट या गोष्टीचं वाटतं की सीचा जन्मच याच्या उलट कारणासाठी नावाजला गेला. 1973 साली युनिक्सचा गाभा सीमध्ये नव्याने लिहिला गेला. मग 1977-78च्या सुमारास जॉन्सन आणि रिची यांनी युनिक्स इंटरडेटा 8/32 नावाच्या अगदी वेगळ्या घडणीच्या मशीनवर चालवून दाखवली. तोपर्यंत ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे एका मशीनला जन्माची बांधलेली, असाच रिवाज होता. त्या काळातला एक किस्सा सांगतात : एका मशीनवरून दुसऱ्यावर नेलेल्या युनिक्सने स्वतःचं नाव छापलं ते 'नुक्सी'. दोन बाइटमधला आधी कोणता आणि मागून कोणता, यावर दोन मशीनचं एकमत नव्हतं. आजही स्ट्रक्चर जसंच्या तसं एफराइटने फाइलमध्ये ओतलं आणि ती फाइल दुसऱ्या कंपायलरने वाचली की अशीच नुक्सी होते. एक कॅरेक्टर आणि एक इंट असलेलं स्ट्रक्चर टर्बोत सहसा तीन बाइटचं, जीसीसीत आठ. मधली रिकामी जागा कुणी सोडायची, हे ज्याचं तो ठरवतो.

आणि हे फक्त टर्बोवाल्यांचं दुखणं आहे असं समजून जीसीसीवाल्यांनी हसू नये. मी त्यांच्यातली आहे, आणि मीही तोंडावर आपटले आहे. टेकफेस्टच्या आदल्या रात्री आमचा रास्पबेरी पायवरचा तापमान नोंदवायचा प्रोजेक्ट लटकला. फाइल वाचणारा लूप थांबेचना. तोच कोड माझ्या लॅपटॉपवर सुरळीत चालत होता. मी एफगेटसीचं उत्तर इंटऐवजी कॅरमध्ये घेतलं होतं. माझ्या लॅपटॉपवर कॅर उणे धरणारा, म्हणून फाइल संपल्याची खूण, जी उणे असते, ती जुळायची. पायवरच्या लिनक्समध्ये कॅर उणे धरतच नाही. खूण कधी जुळणारच नव्हती! एक शब्द बदलायला पहाटेचे चार वाजले. तेव्हा मीही हेच म्हणाले होते, "माझ्या मशीनवर तर चालतं."

हा रोग फक्त प्रोग्रॅमचाही नाही. या मासिकाचे जुने अंक लायब्ररीत सीडीवर आहेत. त्यातली 2005ची मराठी विभागाची फाइल उघडून बघा : इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं, सगळा काला. तेव्हाच्या बऱ्याच मराठी फॉन्टमध्ये 'क'चं चित्र इंग्रजी अक्षराच्या नंबरवर बसवलेलं असायचं आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. 1991 साली इस्की नावाचं भारतीय मानक झालेलं होतं, पण बाजार आपापल्या फॉन्टने चालला. कुणीतरी हॉस्टेलवर बसून कविता लिहिली होती, ती आज त्या फॉन्टशिवाय कुणालाच वाचता येत नाही. माझा हा लेख युनिकोडमध्ये आहे, निदान तो वीस वर्षांनी उघडेल. (वाचेल कोण, तो वेगळा प्रश्न.)

सरांची बाजू मी विचारली. ती खोटी नाही. टर्बो जागा कमी घेतो, एका खिडकीत लिहा-चालवा-तपासा सगळं होतं, कुठल्याही शब्दावर कर्सर ठेवून मदत मिळते. लॅबची मशीन जुनी होती तेव्हा त्याच्याएवढं सोपं दुसरं नव्हतं, आणि त्यावर शिकलेल्या कितीतरी जणांनी पुढे मोठी कामं केली. "आणि एक्स्टर्नलना क्लिअर-स्क्रीन दिसली नाही तर ते विचारतात," हेही सर म्हणाले. इथे मात्र मी अडते. ज्या ओळीला भाषेत जागा नाही ती नाही म्हणून मार्क जातात, आणि आठच्या फॅक्टोरियलला उणे उत्तर आलं तरी जात नाहीत, ही कुठली परीक्षा?

दुसरं उत्तर मिळतं ते आमच्याच मुलांकडून : "सी कोण वापरतंय आता? पायथन शिक." बरं. तुमचा नेहमीचा पायथन कशात लिहिलाय? सीमध्ये. तो विंडोजवर, लिनक्सवर, मॅकवर आणि त्या रास्पबेरी पायवर चालतो तो त्याच्या लेखकांनी कॅर उणे आहे असं गृहीत धरलं नाही म्हणून.

मुख्य म्हणजे हे सगळं महाग पडतं ते कुणाला, हे बघा. माझ्याकडे लॅपटॉप आहे, नेरूळला मावसभाऊ आहे, त्याने पहिल्या महिन्यातच जीसीसी टाकून दिला आणि टर्बो फक्त जर्नलपुरता ठेव म्हणून सांगितलं. परभणीला हे सांगणारं कुणी नव्हतं. तिला लॅब म्हणजेच सी. जी मुलगी शिकवलेलं शंभर टक्के घेते, तिलाच सगळ्यात जास्त चुकीचं मिळतं.

माझी मागणी लहान आहे. लॅबमध्ये जीसीसी टाका, तो फुकट आहे. सगळ्या वॉर्निंग चालू ठेवून प्रोग्रॅम तपासा आणि जर्नलमध्ये आउटपुट दोन कंपायलरची लावायला सांगा. टर्बो काढूही नका हवं तर, तो दुसरा कंपायलर म्हणून झकास आहे! ज्या दिवशी आउटपुट वेगळं येईल त्या दिवशी वर्गात जे बोलणं होईल ते व्हायव्हाच्या वीस प्रश्नांत होत नाही. शिकवायला माणूस नसेल तर पवईच्या आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल आहेत. सीचे धडे उबुंटू आणि जीसीसीवर घेतलेले, मराठीतसुद्धा ऐकता येतात. मी ते परभणीला दाखवले तेव्हा तिने आधी आवाज वाढवला आणि मग विचारलं, "हे पहिल्या वर्षी का नाही सांगितलंस?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मीही माझ्या लॅपटॉपवर चालतंय ना, म्हणून गप्प होते.

शनिवारी महापेच्या एका कंपनीची टेस्ट आहे. परभणीने वहीतले सगळे जुने प्रोग्रॅम पुन्हा करायला घेतलेत, कॉनिओशिवाय. काल रात्रीपर्यंत एकतीस झाले. लॅपटॉप तिच्याकडे आहे, त्यामुळे हा लेख मी फोनवर, मेसच्या रांगेत उभी राहून टाइप केला आहे.