तळं खासगी आहे म्हणे

आमच्या वस्तीत पाणी पहाटे चारला येतं आणि पावणेपाचला जातं. गेली दहा वर्षं हेच टायमिंग. आई साडेतीनला उठते, हंडे लावते, कुणाचा हंडा पुढं सरकला यावरून भांडते, मग दिवसभर मान दुखते म्हणून बोंबलते. ही वेळ कुणी ठरवली असं एकदा वॉर्डातल्या साहेबाला विचारलं. म्हणाला, 'वरून.' वर म्हणजे कुठं? तिथं कोण बसतं? त्यांच्या घरात नळ कधी येतो?

दोस्तांनो, वर बसलेल्यांचा पत्ता शोधत गेलं की माणूस थेट फ्रान्सात पोचतो. मार्सेय नावाचं बंदर आहे. तिथं १९९६ साली 'वर्ल्ड वॉटर कौन्सिल' नावाची संस्था निघाली. नाव ऐकून वाटतं, चला, जगातल्या तहानलेल्यांची कुणाला तरी दया आली. २००५ साली तिचा अध्यक्ष झाला लोईक फोशों. हा गडी त्याच मार्सेय शहराला पाणी पुरवणाऱ्या कंपनीचा प्रमुख आणि ती कंपनी तेव्हा सुएझ आणि व्हेओलिया या दोन बड्या पाणीविक्यांच्या भागीदारीतली. बाजारात एकमेकांचे गळे धरणारे धोरण ठरवताना एका ताटात जेवतात, ते असं.

ही कौन्सिल दर तीन वर्षांनी पाण्याची जत्रा भरवते. २००० साली हेगला भरली. तिथं मंत्र्यांनी जाहीरनामा काढला, त्यात पाणी ही माणसाची 'गरज' असल्याचं लिहिलं. 'हक्क' लिहिलं नाही. एका शब्दाचा फरक, पण या शब्दाची किंमत आपल्याइतकी कुणाला माहीत असणार? गरज दुकानदार भागवतो, पैसे घेऊन. हक्क मात्र सरकारला द्यावाच लागतो. २००३ साली क्योटोच्या जत्रेत एक अहवाल आला, नाणेनिधीचे माजी प्रमुख मिशेल कॅमदेस्यू यांच्या समितीचा. समितीत बँकवाले आणि पाणीकंपनीवाले. त्यांनी काय सुचवलं? गरीब देशात कंपनीनं पैसा घातला आणि तिथलं चलन कोसळलं, तर तो फटका कंपनीला बसू नये म्हणून सार्वजनिक पैशातून सोय करा. नफा त्यांचा, धोका तुमचा-माझा. २००५ साली खासगी कंपन्यांनी 'ॲक्वाफेड' हा आपला संघ काढला. त्याचे अध्यक्ष झेरार पायेन, पूर्वीचे सुएझवाले, त्याच काळात संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांच्या पाणी-सल्लागार मंडळावरही बसलेले. विकणाराही तोच, सल्ला देणाराही तोच.

यात चोरून काही नाही, हे ध्यानात घ्या. सगळं उजेडात, एसी हॉलमध्ये, बिल्ले लावून. बाहेर २००९ साली इस्तंबूलला लोक ओरडत होते, त्यांच्यावर पोलिसांनी अश्रुधूर सोडला.

बोलिव्हियातल्या कोचाबांबाचं काय झालं ते जुन्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. १९९९ साली शहराचं पाणी चाळीस वर्षांसाठी बेक्टेलच्या मालकीच्या कंपनीला दिलं, बिलं भडकली, एप्रिल २००० मध्ये लोकांनी करार फाडायला लावला. त्यात सतरा वर्षांचा एक पोरगा गोळीनं गेला. पुढं २०१० साली त्याच बोलिव्हियानं संयुक्त राष्ट्रांत ठराव मांडला की पाणी हा मानवी हक्क आहे. १२२ देश बाजूनं, त्यात भारतही. विरोधात एकही नाही, ४१ तटस्थ. हेगला गाळलेला शब्द दहा वर्षांनी परत आला, तो रस्त्यावरून आला.

इथं आपले डावे मित्र टाळ्या वाजवतात आणि म्हणतात, बघा, खासगीकरण हाच शत्रू. मी म्हणतो, जरा थांबा.

खासगीकरण १९९१ नंतर आलं असं ज्याला वाटतं त्यानं महाडचे कागद वाचावेत. १९२३ साली बोले ठराव झाला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं सगळ्यांना खुलं केलं, कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब ओंजळभर पाणी प्यायले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपलाच ठराव मागं घेतला. डिसेंबरात दुसरा सत्याग्रह होणार म्हटल्यावर सवर्ण मंडळी एक झाली आणि कोर्टात गेली. त्यांचा मुद्दा काय होता? धर्माचा नुसता नव्हता. मुद्दा असा की तळं खासगी आहे! मनाई हुकूम मिळाला. हे खोटं ठरवून हायकोर्टाचा निकाल यायला मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षं. म्हणजे पाण्याच्या मालकांनी एकत्र येऊन 'खासगी' हा शब्द पुढं करणं आपल्याला नवं नाही. मार्सेयवाल्यांनी तो फक्त सुटाबुटात आणला.

आणि महाडची नगरपालिका? ती सार्वजनिकच होती की. आमच्या मुंबईची महापालिका सार्वजनिक आहे. १९९६ साली सरकारी परिपत्रक निघालं, १ जानेवारी १९९५ नंतरच्या झोपड्यांना पाणी नाही. तारखेनं माणसाची तहान मोजली. पाणी हक्क समिती कोर्टात गेली, १५ डिसेंबर २०१४ ला हायकोर्टानं सांगितलं की झोपडी बेकायदा असली तरी जगण्याच्या हक्कात पाणी येतं. त्याच निकालात हेही म्हटलं की पालिका अशांना जादा दर लावू शकते. ज्याच्याकडं कमी, त्याला जास्त बिल. तेव्हा 'सरकारी ते आपलं' असली भाबडी घोषणा मी देणार नाही. २००६ साली अंधेरी-जोगेश्वरीच्या के-पूर्व वॉर्डाचं पाणी कंपनीच्या हाती जाऊ नये म्हणून लोकांनी सभा उधळली, ते बरोबरच होतं. पण जोगेश्वरीच्या ज्या गल्लीत नळच नव्हता, तिला त्या सभेनंतरही नळ मिळाला नाही.

महाराष्ट्रानं २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. जागतिक बँकेचं कर्ज त्याच साली आलं. कायद्यात एक कलम घातलं: दोनपेक्षा जास्त पोरं असतील तर शेतीच्या पाण्याला दीडपट दर. पाण्याच्या कायद्यात पोरं मोजायची अक्कल कुणाची? ज्यांच्या घरी जास्त पोरं असतात त्यांचं माणूस त्या टेबलावर नव्हतं, एवढं नक्की.

आता आपलं घर. पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण हे एकाच खात्याचे दोन हात. पाणी वर चढवणारा इंजिनिअर तज्ज्ञ म्हणून परिषदेला जातो. घाण पाण्यात उतरणारा आपला भाऊ गटारातच मरतो. २०१३ च्या कायद्यानं त्याला असं उतरवणं गुन्हा ठरवलंय, तरी मरतो. 'भागधारकांशी चर्चा' असं हे लोक छापतात. त्या यादीत त्याचं नाव मी कधी वाचलं नाही. आणि वस्तीत टँकर लावून हंड्यामागं पैसे घेणारा, निळा झेंडा लावणारा भाऊ? तोही पाणीविक्याच. नाक्यावर त्याच्या बॅनरखाली उभं राहून मार्सेयला शिव्या घालू नका.

पाणी देणारे एकत्र येतात म्हणून मी रडत नाही. येऊ देत. पॅरिस शहरानं १ जानेवारी २०१० पासून पाणी कंपन्यांकडून परत घेतलं. युरोपातल्या सार्वजनिक पाणी संस्थांनीही आपला संघ बांधलाय. प्रश्न एवढाच की पाणी भरणारी आणि गटार उपसणारा टेबलावर कधी बसणार? बोलावणं येणार नाही. महाडलाही आलं नव्हतं.

पुढच्या महिन्यापासून आपण वस्तीवस्तीत जोडणीचे अर्ज भरून घेणार आहोत. नाकारलेला प्रत्येक अर्ज, कारणासकट, गोळा करायचा आणि वॉर्ड ऑफिसात एकगठ्ठा नेऊन टाकायचा. पाच-पाच घरांचा गट करा, झेरॉक्स ठेवा. आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. पोच नसली की अर्ज आलाच नव्हता म्हणतात साले.