देवमासा पाहावयास जाताना

बडोद्यातील आपल्या मराठी घरांतून पूर्वी उन्हाळ्याची सुटी म्हणजे कोकण, नाशिक, फार तर काश्मीर. आता मुले परदेशी स्थायिक झाल्यामुळे आजी-आजोबांचे पाय थेट उत्तर ध्रुवाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचू लागले आहेत. अशाच एका स्नेही दांपत्याने आइसलंडहून परतल्यावर आमच्यापाशी तक्रार केली. "एवढे पैसे भरून तीन तास बोटीत कुडकुडलो आणि दिसले काय, तर एक शेपूट!" या तक्रारीतच आम्हांस या महिन्याचा विषय सापडला. कारण ते शेपूट दिसणे हीच त्या सहलीची खरी कमाई होय, असे आमचे नम्र मत आहे.

आइसलंडच्या उत्तर किनाऱ्यावर, ध्रुववृत्ताच्या किंचित खाली, हुसाविक नावाचे एक लहानसे बंदर आहे. वस्ती जेमतेम अडीच हजारांच्या आसपास. समोर स्क्याल्फांदी नावाचा उपसागर आणि पलीकडे भर उन्हाळ्यातही बर्फाच्या रेघा मिरवणारे डोंगर. दोन नद्या या उपसागरास येऊन मिळतात. पाणी थंड आणि पोषक. त्यामुळे सूक्ष्म जीव विपुल, त्यांवर पोसणारे केपलिनसारखे लहान मासे विपुल, आणि त्यांच्यामागे येणारे देवमासेही आलेच. मासेमारीचा जुना धंदा ओसरू लागला, तेव्हा ओक लाकडाच्या जुन्या मच्छीमार बोटी मोडीत न काढता तेथील लोकांनी त्या दुरुस्त केल्या आणि १९९५ पासून त्यांतून पाहुण्यांना देवमासे दाखवावयास आरंभ केला. गावात देवमाशांचे एक संग्रहालयही आहे.

व्हेल या प्राण्यास आपल्या भाषेने 'देवमासा' म्हटले. शब्द मोठा गोड, पण त्याचा उत्तरार्ध शास्त्रास मान्य नाही. हा मासा नव्हे. पिलास दूध पाजणारा, फुफ्फुसांनी श्वास घेणारा सस्तन प्राणी आहे. मुलांच्या चित्रांत त्याच्या डोक्यावर पाण्याचे कारंजे असते. तेही खरे नव्हे. तो त्याचा उच्छ्वास असतो. छातीतली ऊबदार, दमट हवा थंड वाऱ्यात जोराने सुटली की तिचा शुभ्र फवारा दिसतो. बोटीवरचा मार्गदर्शक डोळ्यांत तेल घालून हाच फवारा शोधीत असतो. तो दिसताच "तीन वाजता!" अशी आरोळी येते. बोटीचे नाक म्हणजे घड्याळातील बारा, उजवा हात म्हणजे तीन, मागची बाजू म्हणजे सहा. समुद्रावर दिशा सांगण्याची ही सोपी युक्ती आमच्या वर्गातील मुलांनाही आवडेल.

या पाण्यात हम्पबॅक, मिंक आणि पांढऱ्या चोचीचे डॉल्फिन हमखास भेटतात. उन्हाळ्याच्या आरंभी भाग्य असेल, तर पृथ्वीवरील सर्वांत मोठा प्राणी, निळा देवमासा, हाही दर्शन देतो. यांपैकी हम्पबॅक खोल बुडी घेण्यापूर्वी पाठीची कमान करतो आणि शेपूट पाण्याबाहेर उभे उचलतो. त्या शेपटाच्या खालच्या बाजूस काळ्यापांढऱ्या खुणा असतात आणि त्या प्रत्येकाच्या निराळ्या, जणू आपल्या अंगठ्याचा ठसाच! त्यांची छायाचित्रे ताडून पाहून अभ्यासक एकेका प्राण्याची ओळख ठेवतात. आइसलंडमध्ये उन्हाळ्यात टिपलेले शेपूट हिवाळ्यात दूर कॅरिबियन समुद्रात ओळखले गेले आहे. आमच्या स्नेह्यांनी जे पाहिले, ते केवळ शेपूट नव्हते. ती त्या प्राण्याची स्वाक्षरी होती.

बोटीवर मान सदा पाण्याकडे ठेवणाऱ्यांचे मात्र निम्मे धन हुकते. वर आकाशातही तितकीच वर्दळ असते. पफिन नावाचा अर्धा किलो वजनाचा पक्षी जमिनीत बीळ करून राहतो, वर्षाला एकच अंडे घालतो आणि रंगीत चोचीत एका वेळी कित्येक लहान मासे आडवे धरून पिलाकडे परततो. जगातील निम्म्याहून अधिक पफिन आइसलंडच्या किनाऱ्यांवर वीण करतात. ध्रुवीय सुरय हा त्याहून चिमुकला. पण तो उत्तरेचा उन्हाळा संपवून दक्षिण ध्रुवाकडचा उन्हाळा गाठतो आणि पुन्हा परततो. त्याचा वर्षाचा प्रवास ७०,००० किलोमीटरांच्या आसपास भरतो, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

वाचकहो, हे सारे वैभव कायमचे आहे, असे मात्र कोणी समजू नये. याच देशाच्या एल्डे नावाच्या खडकावर जून १८४४ मध्ये ग्रेट ऑक या न उडणाऱ्या पक्ष्याची शेवटची ज्ञात जोडी मारली गेली. संग्राहकांना नमुने हवे होते, एवढेच कारण! आज समुद्र तापतो आहे, खाद्य माशांची ठिकाणे बदलत आहेत आणि २०१५ पासून पफिनची गणना जगातील संकटग्रस्त पक्ष्यांत होऊ लागली आहे.

देवमाशांचेही तसेच. व्यापारी शिकार थांबविण्याचा आंतरराष्ट्रीय निर्णय १९८२ साली झाला. परंतु आइसलंडने २००६ मध्ये ती पुन्हा सुरू केली. २०२३ साली तेथील सरकारी पाहणीत असे आढळले की, कित्येक देवमासे भाला लागताच मरत नाहीत; एकास तर प्राण सोडण्यास जवळजवळ दोन तास लागले. त्या उन्हाळ्यात शिकार काही आठवडे थांबविली गेली. तरी डिसेंबर २०२४ मध्ये पाच वर्षांचे परवाने पुन्हा दिले गेलेच. एकाच देशात एक बोट देवमासा दाखवावयास निघते आणि दुसरी मारावयास. याहून चमत्कारिक गोष्ट अशी की, मिंकचे मांस उपाहारगृहांतून 'स्थानिक पक्वान्न' म्हणून चाखणाऱ्यांत पाहुण्यांचाही मोठा भरणा होता. सकाळी ज्याचे दर्शन घेऊन हात जोडले, तोच रात्री पानात!

परक्यांस नावे ठेवणे सोपे असते, म्हणून आपल्या दाराशीही पाहू. आपण ज्या गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्या नांदलो, तिच्या वेरावळच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क या महाकाय माशाची (हा मात्र खराच मासा) मोठी शिकार होत असे. २००१ साली कायद्याने त्यास संरक्षण मिळाले. पण नुसत्या कायद्याने काय होते? २००४ साली मोहीम निघाली आणि मोरारीबापूंनी कोळ्यांस समजाविले की, ही माहेरी बाळंतपणास आलेली लेक आहे, हिला मारू नका. तिचे 'व्हाली' असे लाडके नाव पडले. कोळ्यांनी स्वतःची मोलाची जाळी कापून अशा शेकडो माशांना सोडले, आणि जाळ्याची भरपाई सरकारने दिली. माणसाच्या मनास आणि पोटास एकाच वेळी हात घातला, तरच असा पालट घडतो. हुसाविकच्या जुन्या बोटींनी हेच सिद्ध केले आहे.

तेव्हा आपल्यापैकी जे कोणी उत्तरेकडे जातील, त्यांना आमची एवढीच विनंती. नावाड्यास "आणखी जवळ घ्या" असा आग्रह करू नये. जो वेग कमी करतो, अंतर राखतो, प्राण्याच्या वाटेत आडवा जात नाही, त्याचीच बोट निवडावी. ताटात काय येते आहे, ते विचारून घ्यावे. गरम कपडे न्यावेत, दुर्बीण न्यावी आणि नातवंडांना शेजारी उभे करावे. काही दिसले नाही, तरी नावाड्याशी भांडू नये. समुद्र हे काही प्राणिसंग्रहालय नव्हे. आपण तेथे पाहुणे आहोत आणि पाहुण्याने यजमानाच्या सवडीने वागावे, हे आपल्या घरांत मुलांना निराळे शिकवावे लागत नाही.