घर बांधायच्या आधी वर्षभर वही लिहा

आज सोयाबीनचं नाही, घराचं लिहितोय. पण सोयाबीन त्यात येणारच.

माझं आत्ताचं घर 2013 सालचं. तालुक्याच्या गावी पाहुण्याचं घर बघितलं, मोबाईलवर फोटो काढला आणि मिस्त्रीला दाखवला, 'असंच पाहिजे.' पाहुणे नोकरदार, माणसं चार, गुरं नाहीत, पोतं नाही. मिस्त्रीनं हुबेहूब बांधून दिलं, त्याची चूक काहीच नाही. पुढं सोळा बाय चौदाचा हॉल, वर एक खोली, वरच्याच खोलीला लागून संडास-बाथरूम. खालचा संडास मागच्या अंगणात, कारण घरात नको असं मीच म्हणालो होतो. वास्तू बघणारा आला, दाराची दिशा बघितली, देवघर बघितलं. आई रात्री दोनदा उठते हे त्यानं विचारलं नाही, मलाही सुचलं नाही.

तीन वर्षांमागं श्रावणात आई रात्री मागं जाताना ओल्या शहाबादी फरशीवर घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण तेव्हापासून काठी आणि बाज. दार ते संडास अंतर किती, तर बावीस पावलं. नंतर मोजली मी.

आणि हॉल? दिवाळीला माल घरी आला की सोफा गोठ्यात जातो आणि पोती हॉलमध्ये बसतात. भाव पडलेला असला की होळीपर्यंत तिथंच. यात मला आता लाज वाटत नाही, पण हिशोब आधी का केला नाही याचं वाटतं. चाळीस क्विंटल माल म्हणजे साठ किलोचे सदुसष्ट कट्टे. त्यातलंच बियाणं ठेवतो म्हणून थप्पी पाचच्या वर नेत नाही, सोयाबीनचं टरफल नाजूक असतं, खालच्या पोत्यातली उगवण मार खाते. म्हणजे चौदा थप्प्या, एकीला सहा चौरस फूट. भिंतीपासून सोडलेली जागा आणि फिरायची वाट धरली तर दहा बाय बाराची कोरडी खोली झाली. एवढं गणित दहावीवाल्याला येतंय की! फवारणीची औषधं जिन्याखाली, लहान पोरांच्या हाताला लागतील अशी. तिथं बाहेरून उघडणारं, कुलूप लावायचं कपाट पाहिजे होतं.

काही जण म्हणतील, जुनी घरं बरी होती. ओसरी होती, बळद होतं, माळवदाखाली उन्हाळ्यात गार वाटायचं. खरं आहे. पण मी किल्लारीच्या भागातला. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, आदल्या रात्री गणपती बुडवून माणसं झोपली होती. मातीत रचलेल्या दगडाच्या भिंती आणि वरचं जड माळवद अंगावर आलं. त्या वेळच्या नकाशात आमचा भाग भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, नकाशा बदलला 2002 ला. म्हणून काळ्या जमिनीत मुरूम लागेपर्यंत पाया, प्लिंथ बीम आणि लिंटलला सलग आरसीसी पट्टी यात मी एक रुपया कमी करू देणार नाही. टाइल्स पुढच्या वर्षी बसवू.

भूकंपानंतर नवीन गावं वसली, तीही बघितली आहेत. रस्ते सरळ, घरं पक्की. पण बैल कुठं बांधायचा, कडबा कुठं रचायचा? थोड्याच वर्षांत घरापुढं पत्र्याची शेडं उभी राहिली. तिथं लोकांना निवडायला वेळ नव्हता, छप्पर लवकर पाहिजे होतं. मला तर वेळ होता.

आता मुलाला शेतात, रस्त्याकडेला घर बांधायचंय. जानेवारीत म्हणाला, "अण्णा, प्लॅन फायनल झालाय," आणि मोबाईलवर दुमजली घर दाखवलं. पुढं काचेची भिंत. पश्चिमेला! मेमधली दुपार काय असते ते याला सांगायचं का? मी भांडलो नाही. दोनशे पानी वही आणली आणि खुंटीला टांगली. एक वर्ष ज्याला जे अडेल ते त्यानं लिहायचं, मग इंजिनिअरकडं जायचं. मुलगा आठ दिवस बोलला नाही. "तोपर्यंत सिमेंट महाग होईल," असं आईजवळ कुरकुरला. होईलही. पण चुकीच्या जागी घातलेलं सिमेंट स्वस्तात पडलं तरी महागच.

आता वहीत त्याचंच अक्षर जास्त आहे. 'ठिबकच्या नळ्या गुंडाळून ठेवायला जागा नाही, उंदरांनी कुरतडल्या.' 'चिखलाचे पाय धुवायला नळ पुढच्या दाराशी पाहिजे.' 'गोठ्याचा वास पावसाळ्यात स्वयंपाकघरात येतो, वारं पश्चिमेचं.' बायकोनं लिहिलं, 'पाणी तापवायला मागं चुलीची पडवी. गॅसवर सहा जणांचं परवडत नाही.' काचेची भिंत कुणीच लिहिलेली नाही अजून.

आईला लिहिता येत नाही. तिनं नातवाला सांगितलं, बाजेवर पडल्या पडल्या रस्त्यानं कोण चाललंय ते दिसलं पाहिजे. मिस्त्री खिडकी साधारण तीन फुटांवर घेतो, बाजेवरून मग नुसतं आभाळ दिसतं. परवा टेप घेऊन तिच्या उशाशी बसलो. दोन फूट आलं. वहीत मांडलंय.