बुडालेली जहाजे तरंगवणारे सेनानी
माहितीयुगातले सेनानियंत्रण म्हणजे सेनापतीसमोर अवघे रणांगण एका पडद्यावर मांडणे, हा समज आम्हांला साफ अमान्य आहे. जाळे विणायचे ते आघाडीवरच्या अधिकाऱ्याला स्वतः निर्णय घेता यावा म्हणून. वरिष्ठांना त्याच्या खांद्यावरून डोकावता यावे म्हणून नव्हे! २००२ साली अमेरिकेने सुमारे २५ कोटी डॉलर खर्चून ‘मिलेनियम चॅलेंज’ हा युद्धसराव केला. शत्रुपक्षाचे सेनापती झालेले निवृत्त जनरल पॉल व्हॅन रायपर यांनी बिनतारी यंत्रणा टाळली, मोटारसायकलस्वारांकरवी हुकूम धाडले आणि १६ अमेरिकी जहाजे (लुटुपुटीची का होईना) बुडवली. संचालकांनी काय करावे? जहाजे पुन्हा तरंगवली आणि पुढचा खेळ संहितेबरहुकूम खेळवला. व्हॅन रायपर यांनी सराव संपण्यापूर्वीच ते सेनापतिपद सोडले.