रोग कोणाचा, दोष कोणाचा?

'पॅथॉलॉजी' हा इंग्रजी शब्द आता तालुक्याच्या गावांतील पाट्यांवरही वाचावयास मिळतो. रक्त-लघवी तपासण्याची जागा, एवढाच त्याचा अर्थ सामान्य माणसाच्या मनात असतो. परंतु इंग्रजीत हा शब्द प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही. दारिद्र्य, झोपडपट्टी, गुन्हेगारी, बंडखोरी या सर्वांची 'पॅथॉलॉजी' तेथे सांगितली जाते, आणि तिचे अनुकरण मराठी व्यासपीठांवरही होते. वैद्यकातला शब्द राजकारणात येतो तेव्हा एकटा येत नाही. वैद्याचा अधिकार आणि रोग्याची परवशता ही दोन्ही तो बरोबर घेऊन येतो. म्हणून चळवळीतील कार्यकर्त्यांनी या शब्दाचा प्रवास समजून घेणे अगत्याचे आहे.

मूळ ग्रीक शब्दांपैकी 'पॅथॉस' म्हणजे वेदना, माणसाला जे सोसावे लागते ते. आणि 'लोगॉस' म्हणजे त्याचा विचार. म्हणजे पॅथॉलॉजी हे दुःखाचे शास्त्र होय. वैद्यकात त्याचा पहिला अर्थ रोगाची कारणे व रोगामुळे शरीरात होणारे बदल यांचा अभ्यास असा आहे. पुढे त्या बदलांनाच पॅथॉलॉजी म्हणण्याची रीत पडली. शास्त्राचे नाव रोगाला देण्यावर काटेकोर डॉक्टर आजही नाराज असतात. तिसरा अर्थ लाक्षणिक आहे. जे आपल्याला अनिष्ट वाटते ते रोगट, असा तो अर्थ. खरा धोका येथूनच सुरू होतो. कारण रोग ठरविताना निरोगी काय हे आधी गृहीत धरावे लागते, आणि ते कोणी ठरवावे हा प्रश्न वैद्यकाचा नसून सत्तेचा असतो.

इतिहास याची साक्ष देतो. १८५१ साली अमेरिकेतील लुइझियाना राज्यातल्या सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टराने एका नव्या रोगाचा 'शोध' लावला. निग्रो गुलाम मळ्यातून पळून जातात याचे कारण 'ड्रॅपेटोमेनिया' नावाची मनोविकृती होय, असे त्याने वैद्यकीय नियतकालिकात गंभीरपणे मांडले, आणि तिच्यावरील उपायांत चाबकाचाही समावेश केला. गुलामगिरी हीच ज्याला प्रकृती वाटते त्याला स्वातंत्र्याची ओढ ही विकृती वाटणारच.

शतकानंतर भाषा सौम्य झाली, दृष्टी मात्र पुरती बदलली नाही. १९६५ साली अमेरिकेच्या कामगार खात्यातील अधिकारी डॅनियल मॉयनिहन यांनी निग्रो कुटुंबांविषयी अहवाल लिहिला. त्यातील एका प्रकरणाच्या शीर्षकातच 'पॅथॉलॉजी'चा गुंता होता. मॉयनिहन यांनी गुलामगिरीचा वारसा आणि बेकारी यांचा उल्लेख टाळला नव्हता, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. तथापि वाचकांच्या मनात राहिली ती बाईच्या आधाराने चालणारी 'बिघडलेली' कुटुंबे. कामावरून प्रथम काढले जाणारे हात, वर्णभेदाने बंद केलेल्या वस्त्या आणि निकृष्ट शाळा मागे पडल्या. मानसशास्त्रज्ञ विल्यम रायन यांनी १९७१ साली या वृत्तीला नाव दिले: बळी गेलेल्यालाच दोषी ठरविणे. त्याही आधी, १९४३ मध्ये, सी. राइट मिल्स यांनी 'सामाजिक पॅथॉलॉजी'ची पाठ्यपुस्तके तपासून दाखविले होते की, लहान गावांतल्या मध्यमवर्गीयांच्या रीतिभातींनाच हे लेखक समाजाचे आरोग्य समजून बसले आहेत.

हा दोष भांडवलशाही देशांचाच आहे असे मानून समाजवाद्यांना स्वस्थ बसता येणार नाही. सोव्हिएत युनियनमध्ये मतभेद व्यक्त करणाऱ्यांना वेडे ठरवून मनोरुग्णालयात डांबण्यात आले. १९७० मध्ये जीवशास्त्रज्ञ झोरेस मेदव्हेदेव्ह यांना कालुगा येथे असेच अडकविले गेले, आणि सहकारी शास्त्रज्ञांनी आवाज उठविल्यावरच त्यांची सुटका झाली. ज्याच्याशी वाद घालावयाचा त्याला रोगी ठरविले की वादाची गरज उरत नाही; उपचार पुरतो. श्रमिकांच्या नावाने चालणाऱ्या सत्तेनेही हेच केले, ही गोष्ट विसरता कामा नये.

मग हा शब्द टाकूनच द्यावा काय? तसे नाही. त्याचा उलट दिशेने केलेला वापर विज्ञानाच्याच इतिहासात आहे. आधुनिक पॅथॉलॉजीचा पाया घालणारे रूडॉल्फ व्हिर्खो यांना १८४८ साली प्रशियाच्या सरकारने अप्पर सायलेशियातील टायफसची साथ पाहण्यासाठी पाठविले. त्या वेळी ते अवघे सव्वीस वर्षांचे होते. हा रोग उवांमुळे पसरतो हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. ते १९०९ मध्ये शार्ल निकोल यांनी सिद्ध केले. परंतु भुकेलेली, अज्ञानात ठेवलेली, जमीनदार आणि नोकरशाही यांच्याखाली दबलेली पोलिश प्रजा व्हिर्खो यांना दिसली. त्यांनी अहवालात औषधांची यादी दिली नाही. लोकशाही, शिक्षण, लोकांच्या स्वतःच्या भाषेत कारभार आणि कराच्या बोज्याची न्याय्य वाटणी हे उपाय त्यांनी सुचविले. परतल्यावर बर्लिनच्या क्रांतीत ते सामील झाले, आणि १८४९ मध्ये त्यांना आपल्या पदाची किंमत मोजावी लागली. पेशींच्या विकृतीवरील त्यांचा युगप्रवर्तक ग्रंथ त्यानंतर, १८५८ मध्ये आला. रोग्याच्या शरीरापासून समाजाच्या रचनेपर्यंत त्यांची नजर गेली. कार्टराइटची नजर समाजाच्या रचनेपासून निघून गुलामाच्या डोक्यात जाऊन थांबली. शास्त्र एकच, दिशा मात्र परस्परविरुद्ध.

मराठीत पॅथॉलॉजीला 'विकृतिविज्ञान' असा प्रतिशब्द आहे. तो शास्त्रशुद्ध असला तरी 'विकृत' हा शब्द रोजच्या बोलण्यात शिवीसारखा वापरला जातो. वेदना सोसणारा माणूस येथे हळूच लाजिरवाणा माणूस होतो. आपल्याकडे अशी शिक्केमोर्तबी कायद्यानेही झाली आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांना जन्मतःच गुन्हेगार ठरविण्याची प्रथा घातली. जणू गुन्हा हा रक्तातून उतरणारा आजार होता. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, जमाती विमुक्त झाल्या. परंतु पारध्याच्या पालावर संशयाने पडणाऱ्या धाडी त्या जुन्या निदानाचीच आठवण देतात.

म्हणूनच सभेत वा लेखात 'समाजाला लागलेली कीड', 'कर्करोग', 'विकृती' असे शब्द वापरण्यापूर्वी कार्यकर्त्याने तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. रोगी कोणाला म्हटले जात आहे? निदान करणारा कोण, आणि त्याचा त्यात स्वार्थ काय? आणि हे निदान कारणांचा शोध पुढे नेते, की तेथेच थांबविते? जातीयवादाला रोग म्हणून मोकळे होणे सोपे आहे. तो कोणाच्या हितासाठी पोसला जातो हे दाखविणे कठीण. पक्षातल्या विरोधी मताच्या सोबत्याला विकृत म्हणणे तर त्याहून सोपे. त्याच्या युक्तिवादाला उत्तर देणे मात्र कष्टाचे.

वेदना ज्याची, त्याचे प्रथम ऐकून घेणे आणि मग तिच्या कारणापर्यंत जाणे हे पॅथॉलॉजीचे काम आहे. चळवळीचे काम याहून वेगळे नाही.