दुकानाची खतावणी आणि शाळेचे इतिवृत्त

कॅनडाच्या पश्चिमेकडील प्रेअरी प्रदेशाचा इतिहास लोहमार्गाच्या, घोडेस्वार पोलिसांच्या आणि क्षितिजापर्यंत पसरलेल्या गव्हाच्या अनुषंगाने पुष्कळ लिहिला गेला आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या निर्वृक्ष माळावर ज्यांनी गावे वसवली त्यांनी स्वराज्याचा व्यवहार कोठे आत्मसात केला, हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल त्याने कायदेमंडळाची दफ्तरे तूर्त बाजूला ठेवून गावातल्या दुकानाची खतावणी आणि शाळेच्या विश्वस्त मंडळाची इतिवृत्ताची वही प्रथम उघडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. या दोन वह्यांत बहुतेक नावे तीच असत. ज्याच्या नावावर सुगीपर्यंतची उधारी चढे, तोच शाळेचा कर भरी, शाळेच्या सभेत हात वर करी आणि पुढल्या वर्षी कदाचित विश्वस्तही होई. प्रेअरीतील लोकसत्तेचे सामर्थ्य या एकरूपतेत होते. आणि या वह्यांत ज्यांची नावे येऊच दिली गेली नाहीत त्यांच्यावरील अन्यायाचे मूळही तेथेच आहे.

उदाहरणादाखल सस्कॅचेवान प्रांतातील इंडियन हेड आणि त्याच्या पूर्वेस असलेले सिंटालूटा ही शेजारची गावे घेऊ. 1882 साली कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचे रूळ येथून पुढे सरकले आणि गावे रुळांच्या कडेला उगवली. त्याआधीच सरकारी मोजणीदारांनी सारा प्रदेश सहा मैल लांब व सहा मैल रुंद अशा टाउनशिपांत आणि प्रत्येक टाउनशिप 640 एकरांच्या 36 खंडांत आखून टाकली होती. 1872 च्या जमीन कायद्यान्वये 10 डॉलर फी भरणाऱ्या वसाहतकऱ्यास 160 एकर मिळत. तीन वर्षे राहून, घर बांधून, काही जमीन नांगराखाली आणली की ती त्याच्या मालकीची होई. प्रत्येक टाउनशिपमधले 11 आणि 29 क्रमांकाचे दोन खंड शाळांसाठी राखून ठेवलेले असत आणि ते केवळ जाहीर लिलावानेच विकता येत. गावात एकही मूल जन्मण्यापूर्वी त्याच्या शिक्षणाची तजवीज नकाशावर व्हावी ही दूरदृष्टी खरोखर वंदनीय आहे. पण त्या जमिनींचा कारभार 1930 पर्यंत ओटावातील केंद्र सरकारच्या हाती होता, त्यांचा निधी हळूहळू साचत होता, आणि शाळेच्या चुलीत घालायचा कोळसा मात्र याच हिवाळ्यात हवा होता. तो गावालाच आणावा लागे.

आणि गावापाशी रोकड नव्हती. गव्हाचा पैसा वर्षातून एकदा, शरदात, हाती येई; उरलेले दहा-अकरा महिने चहा, साखर, पीठ, रॉकेल, खिळे, बूट, मुलांचे कापड, सारे दुकानदाराच्या विश्वासावर चाले. यंत्रांची गोष्ट निराळी; तेथे कंपनीचा एजंट यंत्रच तारण राहील अशी चिठ्ठी लिहून घेई. दुकानदाराचे तारण म्हणजे माणसाचा शब्द. मधल्या काळात खाते हलते राही ते घरधनिणीच्या लोण्या-अंड्यांवर. आठवड्याच्या फेरीत ती ओल्या फडक्यात गुंडाळलेले लोण्याचे गोळे दुकानाच्या फळीवर ठेवी, दुकानदार ते तागडीत घाली, भाव सांगे, आणि पैसे न देता तेवढी रक्कम तिच्या घरच्या खात्यात जमा करी. त्या जमेतून ती सुती कापड, मीठ, कधी मुलाची पाटी घेई. पुष्कळ ठिकाणी चांगल्या आणि सुमार लोण्याला एकच भाव दिला जाई, कारण एका शेजारणीच्या लोण्याला दुसरीच्या देखत कमी लेखणे दुकानदाराला परवडणारे नसे. नफ्याच्या शास्त्रात हे बसणारे नाही. ज्या गावात प्रत्येकाला प्रत्येकाशी पुढली तीस वर्षे राहावयाचे आहे तेथील व्यवहाराचे ते शहाणपण होते, आणि दुकानदार त्यासाठी दर आठवड्याला थोडे नुकसान सोशीत असे.

गव्हाच्या विक्रीत मात्र असला ओलावा नव्हता. रुळांलगत उभ्या असलेल्या एलिव्हेटरच्या उंच लाकडी कोठारात शेतकऱ्याची गाडी रिकामी होताना तेथला खरेदीदार प्रत ठरवी, केरकचऱ्याचा कडता कापी आणि भाव सांगे. तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हाती. शिवाय जेथे एलिव्हेटर असेल तेथे शेतकऱ्याच्या गाडीतून थेट डब्यात धान्य भरून घ्यावयाचे नाही, असे धोरण रेल्वेने दीर्घकाळ चालवले होते. 1900 च्या मॅनिटोबा धान्य कायद्याने शेतकऱ्याला स्वतंत्र फलाटावरून स्वतःचा डबा भरण्याचा हक्क दिला, परंतु 1901 च्या अमाप पिकापुढे रेल्वेचे डबे अपुरे पडले आणि जे होते त्यांत एलिव्हेटरवाल्यांचा पहिला मान राहिला. त्याच डिसेंबरात इंडियन हेड येथे डब्ल्यू. आर. मदरवेल प्रभृती शेतकऱ्यांनी टेरिटोरियल ग्रेन ग्रोअर्स असोसिएशनची स्थापना केली. 1902 मध्ये कायद्यात अशी दुरुस्ती झाली की प्रत्येक स्टेशनात डब्यांच्या मागणीची एक वही असावी, मागणी येईल त्या क्रमाने तीत नावे लिहावीत आणि त्याच क्रमाने डबे द्यावेत. आणि सिंटालूटाच्या स्टेशन एजंटाने तो क्रम मोडताच संघटनेने त्याच्यावर फिर्याद गुदरली व जिंकली. अपिलातही निकाल कायम राहिला. एका सामान्य स्टेशनातल्या साध्या वहीपुढे देशातील सर्वांत बलाढ्य कंपनीला नमावे लागले, याचे मोल त्या भागातल्या शेतकऱ्यांनी अचूक ओळखले. सिंटालूटाचेच ई. ए. पार्ट्रिज यांच्या पुढाकाराने 1906 साली शेतकऱ्यांची स्वतःची धान्यकंपनी उभी राहिली, ती याच आत्मविश्वासातून.

हे लोक असे लढू शकले, कारण लेखी नोंद, क्रम, ठराव आणि मतमोजणी यांचा सराव त्यांना शाळेने दिला होता. मुलांना शिकवणाऱ्या शाळेने नव्हे, मोठ्यांनी चालवलेल्या शाळेने. 1901 च्या शाळा-अध्यादेशानुसार पाच मैलांहून अधिक लांबी-रुंदी नसलेल्या टापूत निदान चार रहिवासी करदाते आणि 5 ते 16 वयाची बारा मुले असली की तेथील लोक शाळा-जिल्हा स्थापन करू शकत. ग्रामीण जिल्ह्यात तीन विश्वस्त असत. इमारतीसाठी कर्जरोखे काढणे, कराचा दर ठरवणे, शिक्षक नेमणे ही त्यांची कामे. वर्षातून एकदा करदात्यांची सर्वसाधारण सभा भरे आणि तीत चिटणीस-खजिनदार जमाखर्च वाचून दाखवी. कोळसा किती टन घ्यावा, चूल बदलावी की दुरुस्त करावी, मुलांच्या घोड्यांसाठी तबेला बांधावा काय, सकाळी विस्तव पेटवण्याबद्दल थोरल्या मुलाला किती द्यावे, असल्या प्रश्नांवर तासन्‌तास खल होई. शाळा नेमकी कोणत्या शेताच्या कोपऱ्यावर उभी राहावी यावरून तर जन्माची वैरे जडत. बाहेरच्या माणसाला हे क्षुद्र वाटेल. मला ते क्षुद्र वाटत नाही. कारण आपण दिलेल्या पैशाचा पुढे काय विनियोग झाला हे डोळ्यांनी पाहण्याचा आणि त्याबद्दल शेजाऱ्याला उभे राहून जाब विचारण्याचा अधिकार ज्याने एकदा बजावला आहे, त्याला मोठ्या सत्तेपुढे निमूट बसणे पुढे जड जाते.

या व्यवस्थेची कृपणताही तेवढीच खरी होती. ज्याचे स्वतःचे देणे सुगीवर अवलंबून तो कराचा दर वाढवण्यास सहसा राजी नसे; कर थकला की पहिली झळ शिक्षिकेच्या पगाराला बसे, आणि ती बहुधा विशीच्या आतबाहेरची मुलगी, एखाद्या शेतकऱ्याच्या घरी खाणावळ देऊन राहणारी. सरकारी अनुदान शाळा जितके दिवस उघडी तितक्या प्रमाणात मिळे, म्हणून कडक थंडीत वाटा बंद झाल्या की पोरांचे शिक्षण आणि अनुदान दोन्ही बुडत. पण या कृपणतेचा सारा दोष गावकऱ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. 1881 च्या करारान्वये कॅनेडियन पॅसिफिकच्या जमिनी, विकल्या किंवा वापरात आणल्या जाईपर्यंत, वीस वर्षे करमुक्त होत्या, आणि तिचे रूळ व स्थानके तर कायमची. म्हणजे ज्या कंपनीने त्या गावाच्या घामावर सर्वांत अधिक मिळवले तिच्या जमिनीची कोरी पाने कराच्या यादीत मधोमध पडून राहिली आणि तिच्या वाट्याचा भार भोवतालच्या शेतकऱ्यांनी उचलला. 1905 साली विनिपेगला ईटन्सचे भव्य दुकान उघडले आणि त्याच्या टपाली मालाच्या सूचीने गावच्या दुकानदाराची रोखीची गिऱ्हाइके ओढून नेली, तेव्हाही तेच घडले. ईटन्सचा माल स्वस्त होता, निवड मोठी होती, शेतकऱ्याने तो घ्यावा यात गैर काहीच नव्हते. परंतु ईटन्स त्याला दुष्काळी वर्षात उधार देणार नव्हते आणि त्याच्या मुलांच्या शाळेचा करही भरणार नव्हते. जुन्या सूचीची पाने कापून पोरे शाळेत चित्रे चिकटवीत आणि तीच सूची नडग्यांना बांधून हॉकी खेळत. सभेत जमाखर्च वाचला जाई तेव्हा तिची नोंद कोणत्याच बाजूला नसे.

1930 नंतरच्या अवर्षणात ही उणीव प्राणघातक ठरली. कर वसूल होईना, शिक्षकांना पगाराऐवजी वचनचिठ्ठ्या मिळू लागल्या, आणि प्रांतभर विखुरलेल्या पाच हजारांच्या आसपास शाळा-जिल्ह्यांपैकी कित्येक जिल्हे नादार झाले. 1944 साली टॉमी डग्लस यांच्या सरकारने, स्वतः शिक्षक असलेले वुड्रो लॉइड शिक्षणमंत्री असताना, कायदा करून हे जिल्हे मोठ्या घटकांत गोवण्यास आरंभ केला. गरीब टापूतील मुलाला श्रीमंत टापूच्या करातून वाटा मिळावा हे तत्त्व निःसंशय न्याय्य होते. शिक्षिकेचा पगार एखाद्या पर्जन्यहीन जुलैवर टांगून ठेवणे निर्दयपणाचे होते. पण कराची जबाबदारी मोठ्या घटकाकडे नेताना खर्चाचा निर्णयही तिकडेच गेला, आणि जुनी स्थानिक मंडळे मागे राहिली ती बहुतांशी नावापुरती. वसुली दूर व्हावी आणि विनियोग जवळ राहावा, अशी विभागणी अशक्य नव्हती. ती केली गेली नाही याची खंत मला वाटते.

तथापि या स्थानिक स्वराज्याचे गुणगान करणाऱ्याने त्याची यादी कोणापाशी संपत होती हे सांगितल्याखेरीज थांबू नये. जिच्या लोण्यावर घरचे खाते वर्षभर तरले ती पत्नी बहुधा करदात्यांच्या यादीत नसे, कारण जमीन नवऱ्याच्या नावे. सरकारी जमीन स्वतःच्या नावे मिळवण्याचा हक्क कुटुंबप्रमुख असलेल्या विधवेसारख्या स्त्रीपुरता मर्यादित होता, आणि सस्कॅचेवानमध्ये स्त्रियांना प्रांतिक मतदानाचा अधिकार 1916 मध्ये मिळाला. चिनी माणसावर देशात पाऊल टाकण्यासाठी 1903 च्या कायद्याने 500 डॉलरची डोईपट्टी बसवली. गावोगावी त्याची खानावळ किंवा धुलाईघर असे, पण 1908 मध्ये प्रांताने त्याचे मतच काढून घेतले, आणि 1912 मध्ये त्याने आपल्या दुकानात गोऱ्या स्त्रीला नोकरीस ठेवू नये असाही कायदा केला.

आणि ज्यांच्या भूमीवर हा सारा संसार उभा राहिला त्यांचे काय झाले? 15 सप्टेंबर 1874 रोजी कापेल सरोवरांपाशी झालेल्या चौथ्या करारात क्री, सोल्टो आणि असिनिबॉइन लोकांना राणी सरकारने प्रत्येक राखीव क्षेत्रात शाळा चालवण्याचे वचन दिले होते. प्रत्यक्षात 1884 साली जवळच्या लेब्रे येथे चर्चच्या हाती सोपवलेली निवासी शाळा निघाली, जिच्यात मुलांना आईबापांपासून तोडून ठेवण्यात आले. 1920 च्या दुरुस्तीने असल्या शाळांत मुले पाठवणे सक्तीचे करण्याचा अधिकार सरकारने घेतला. सिंटालूटाच्या दक्षिणेस राखीव क्षेत्रात राहणाऱ्या असिनिबॉइन शेतकऱ्याला आपला गहू किंवा गवत विकण्यासाठीही सरकारी एजंटाचा परवाना लागे, आणि परवान्यावाचून ते विकत घेणाऱ्या दुकानदारालाही दंड होई. म्हणजे त्याच रुळांच्या काठी, त्याच वर्षांत, एका शेतकऱ्याला डब्यांच्या वहीत आपले नाव क्रमाने लिहिले जावे म्हणून रेल्वेला कोर्टात खेचता येत होते, आणि त्याच्या शेजाऱ्याला एक पोते विकण्याची मुभाही दुसऱ्याच्या सहीवाचून नव्हती. एक बाप शाळेच्या चुलीवरून सभेत भांडत होता, आणि दुसऱ्या बापाला आपले मूल कोणत्या शाळेत जाईल, घरी कधी येईल, कोणत्या भाषेत बोलेल, याविषयी कोणी विचारीतच नव्हते. ही दोन दृश्ये एकाच इतिहासाची आहेत, आणि इंडियन हेडच्या संघटनेवर प्रकरण लिहिणाऱ्याने लेब्रेवरही त्याच प्रकरणात लिहिले पाहिजे. 1972 साली नॅशनल इंडियन ब्रदरहुड या संघटनेने आपल्या मुलांच्या शिक्षणाविषयी ओटावा सरकारपुढे जे निवेदन ठेवले त्याची सारी मांडणी दोन तत्त्वांवर होती: पालकांची जबाबदारी आणि स्थानिक नियंत्रण. माळावरच्या कोणत्याही चार करदात्यांना, बारा मुले जमवली की, जे 1901 पासून आपोआप मिळत होते तेच ते मागत होते.