द्रुतगती मार्ग झाला, आमच्या रस्त्याचे काय?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे कौतुक ऐकून ऐकून आमचे कान किटले आहेत. ९४.५ किलोमीटर, सहा पदरी, २००२ मध्ये पूर्ण झालेला. विकास म्हटला की बोट त्याच्याकडेच जाते. आम्ही विचारतो, विकास कोणाचा?

या मार्गावर दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर आणि पायी चालणाऱ्याला बंदी आहे. सुरक्षेसाठी बंदी, असे उत्तर मिळते. मान्य! ताशी शंभराच्या वेगात दुचाकी नको, हे आम्हालाही कळते. पण ज्याला सुरक्षेच्या नावाने बाहेर ठेवले, त्याचा सुरक्षित रस्ता कुठे आहे? खोपोली, लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव, देहूरोड या गावांतला कामगार जुन्या महामार्गावर अवजड ट्रकच्या शेजारून दुचाकी हाकतो. त्याचे पोर तोच रस्ता ओलांडून शाळेत जाते. सुरक्षा काय फक्त चारचाकीलाच लागते?

ही बंदी जात विचारत नाही, वाहन विचारते. पण कोणाच्या दारात कोणते वाहन उभे राहणार, हे या देशात पिढ्यान् पिढ्या जातीनेच ठरवत आणले आहे. १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे कागदावर सर्वांना खुले झाले. तरीही १९२७ मध्ये बाबासाहेबांना चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. कागदावरचे 'सार्वजनिक' आणि प्रत्यक्षातले 'सार्वजनिक' यांतले अंतर आम्हाला कोणी शिकवायला नको.

हा मार्ग कार्ले आणि भाजे लेण्यांच्या मधून जातो. दोन हजार वर्षांपूर्वीही बोरघाटातून वाट होती. कोकणातल्या बंदरांचा माल तिने घाटावर चढायचा आणि वाटेवरच्या विहारांत माणूस विसावायचा. कार्ल्याच्या शिलालेखांत शेठ-व्यापाऱ्यांबरोबर चैत्याचे दार घडवणाऱ्या धेनुकाकटच्या सुताराचेही नाव कोरलेले आहे. त्या वाटेने कष्टकऱ्याचे नाव जपले. आजच्या रस्त्यासाठी डोंगर फोडणाऱ्या मजुरांची नावे कुठे आहेत?

हा मार्ग संपतो किवळ्याला, देहूरोडच्या उंबरठ्यावर. तिथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. बरोबर २७ वर्षांपूर्वी याच तारखेला महाडात मनुस्मृती जाळली गेली होती. दरवर्षी आम्ही तिथे वंदनेला जातो आणि परत येतो. एवढ्याने भागणार नाही.

द्रुतगती मार्ग बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. जुन्या महामार्गावर पदपथ, दिवे, रस्ता ओलांडायला पूल आणि एसटीचे निवारे असलेले थांबे हवेत. ही मागणी भीक नाही, हक्क आहे.

तरुण मित्रांनो, येत्या २५ डिसेंबरला देहूरोडला जुन्या रस्त्याने या. कुठे दिवा नाही, कुठे पदपथ नाही, वहीत टिपून घ्या. ती वही घेऊन ग्रामसभेत उभे राहा, माहिती अधिकाराचा अर्ज टाका, उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा करा. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' ही नुसती द्यायची घोषणा नाही, रोज करायचे काम आहे.

जय भीम!